आधी फोन, मग कागद

सोमवारी सकाळी महिन्याचा तक्ता आला आणि माझ्या ओळीत लाल चौकोन होता. सात रुग्णालयांच्या सात प्रयोगशाळा, सात ओळी. पोटॅशियमच्या रकान्यात सहा हिरवे आणि एक लाल, क्रमांक एकचा, म्हणजे माझा. बावीस वर्षांत असं झालं नव्हतं. मी चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि तक्ता पुन्हा वाचला, जणू काचेवरचा डाग कागदावर उतरला असावा. आमचे सगळ्यात जुने तंत्रज्ञ, ज्यांना सगळे पिपेटकाका म्हणतात, माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. ते म्हणाले, "मॅडम, वर्गात सहा पोरांनी एकमेकांचं बघून लिहिलं की नापास सातवाच होतो." मी हसले. मग खालची सही दिसली: गुणवत्ता प्रमुख, सर्व रुग्णालये. शेवटच्या अक्षराची शेपटी वर नेऊन परत स्वतःच्याच पोटात घुसवायची तिची सवय मला ती एकोणीस वर्षांची होती तेव्हापासून माहीत आहे. ती माझी वहिनी.

दरमहा मुख्य कार्यालयातून एकाच रक्तद्रवाच्या सात कुप्या निघतात. कुणी कुणाला विचारायचं नाही. मोजायचं आणि कळवायचं. मग सातांची सरासरी काढतात आणि जो तिच्यापासून लांब तो लाल. खरा आकडा कुणालाच माहीत नसतो, म्हणून सगळ्यांचं मिळून जे येईल ते खरं धरायचं. पद्धत वाईट नाही, एकेकाळी मीच तिच्या बाजूने बोलले होते. या वेळी सहाही जणांचं चार पूर्णांक एकच्या आसपास आलं होतं आणि माझं चार पूर्णांक पाच. पोटॅशियममध्ये एवढा फरक म्हणजे थोडाथोडका नव्हे; त्यावर माणसाचं हृदय चालतं. आणि त्याच गुरुवारी विश्वस्त मंडळाची बैठक होती, तिच्या विषयपत्रिकेवर चौथा विषय होता: क्रमांक एकची प्रयोगशाळा मध्यवर्ती प्रयोगशाळेत विलीन करणे. विलीन हा शब्द मी आयुष्यभर साखरेसाठी नाहीतर मृत माणसांसाठी ऐकलेला. प्रस्ताव मांडणारीच्या नावापुढे तीच शेपटी. लाल चौकोनासकट मी तिथे जाऊन बसणार होते.

कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आम्हा दोघींत एकच तराजू होता, काचेच्या पेटीतला. श्वास लागला तरी काटा हलायचा. मी वजन करताना तोंडावर रुमाल धरायची; ती बोलत बोलत चमच्याच्या टोकाने मीठ टाकायची आणि काटा बरोबर जागेवर थांबायचा. सर फेरीला आले तेव्हा त्यांनी माझी वही उघडली, दोन पानं उलटली आणि म्हणाले, "नोंद उत्तम." तिच्या वहीवर निळं काहीतरी सांडलेलं होतं, त्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "ही मुलगी पुढे जाणार." वही माझी उत्तम, आणि मुलगी ती. मला तेव्हा वाईट वाटलं नाही, किंवा वाटलं ते मी शास्त्रीय कुतूहल समजले: ती असं काय करते जे मी करत नाही? ते बघायला मी तिला अभ्यासाला घरी आणू लागले. आईने पहिल्या दिवशी तिला चहा दिला तो माझ्या कपात, हिरव्या काठाच्या. "पाहुणी आहे, तिला चांगला कप नको का," म्हणाली. पुढच्या वेळी पण तोच कप. दादा कामावरून लवकर यायला लागला. दोन वर्षांनी ती माझी वहिनी झाली आणि तो कप तिचा. भटाला दिली ओसरी, ही म्हण तेव्हा माझ्या मनात आली होती आणि मला स्वतःचीच शरम वाटली होती, कारण मी लग्नात सगळ्यांत जास्त राबले होते आणि सगळे म्हणत होते, नणंद असावी तर अशी. ती मला चिडवायला 'वन्सं' म्हणायची, अजून म्हणते. मी मात्र तिला खरोखरच वहिनी म्हणू लागले, आणि ती या रुग्णालयात कामाला आली त्या पहिल्या दिवशी जिन्यात मी तिला त्याच नावाने हाक मारली. झालं. आठवड्याभरात नर्स, औषधवाले, लिफ्टवाले, सगळे तिला वहिनी म्हणू लागले. आज सातही रुग्णालयांत ती वहिनी आहे. कामाच्या जागी तिला मॅडम म्हणणारी मी एकटीच उरले.

लाल चौकोनाकडे बघताना शंका कधी आली ते मला नेमकं सांगता येईल, कारण मी तेव्हा फ्रिज उघडला होता. वरच्या कप्प्यात जुना साठा होता, आकडा आधीच माहीत असलेल्या ज्या द्रावणावर आम्ही यंत्र लावून घेतो त्याच्या अकरा बाटल्या. मी चिक्कू आहे, संपल्याशिवाय दुसरं उघडत नाही. खालच्या कप्प्यात नवी खोकी होती, सीलबंद. सात ठिकाणी सात तऱ्हेची द्रावणं नकोत, एकाच पुरवठादाराचं एकच घेऊ, हा वहिनीचा प्रमुख म्हणून पहिला निर्णय. बाकीच्या सहांनी शहाण्या मुलांसारखं नवं उघडलं होतं. यंत्र बरोबर लागलंय का हे ज्या द्रावणाने तपासायचं, तेही त्याच खोक्यात, त्याच पुरवठादाराचं. म्हणजे साक्षीदारही आरोपीच्याच घरचा. सहा जणांनी एकच चूक केली की ती चूक राहत नाही, सरासरी होते. मी फ्रिजचं दार धरून उभी होते, गार हवा पायांवर येत होती आणि माझ्या आत काहीतरी ऊबदार हललं. त्याला मी तेव्हा नाव दिलं नाही.

आमच्या सगळ्या रुग्णालयांना मिळून एक पुस्तिका आहे, निळ्या पुठ्ठ्याची. तिच्यावर वहिनीचं नाव आहे, संपादन म्हणून. आत एकशेचाळीस नियम आहेत आणि त्यांतला फक्त एक माझा. पंधरा वर्षांपूर्वी एका बैठकीत मी तोंडी बोलले आणि तिने जसाच्या तसा उतरवून घेतला: 'शंका आली की आधी फोन, मग कागद.' प्रयोगशाळेत कुठलाही आकडा खोटा वाटला तर आधी सगळ्यांना थांबवा, मग पुरावा जमवत बसा. नवीन येणाऱ्यांना ते वाक्य पाठ करायला लावतात. मी ते सोमवारी मनात म्हटलं. मग पोटॅशियम क्लोराइडची बाटली काढली, बशीत थोडं घेतलं आणि वाळायला भट्टीत ठेवलं. पिपेटकाका म्हणाले, "स्वतः वजन करून द्रावण करणार? हे आता कोण करतं?" मी म्हटलं, "मी करते." ते म्हणाले, "वहिनींना कळवू का, की जरा शंका आहे म्हणून?" मी म्हटलं, "खात्री होऊ दे."

मंगळवारी सकाळी मी वजन केलं. आता तराजूला काटा नाही, आकडे आहेत, तरी मी तोंडावर रुमाल धरला. मीठ मोजून पाण्यात विरघळवलं, बरोबर चार येईल असं. जुन्या साठ्यावर लावलेल्या यंत्राने चार दाखवलं. मग बाजूचं राखीव यंत्र नव्या खोक्यातल्या द्रावणावर लावून घेतलं आणि तेच पाणी त्याला पाजलं. तीन पूर्णांक सहा. पुन्हा. तीन पूर्णांक सहा. यंत्राने पट्टीवर तारीख आणि वेळ छापली, नऊ पंचेचाळीस. सहा रुग्णालयांत त्या क्षणी पोटॅशियमचा प्रत्येक आकडा खऱ्यापेक्षा दहा टक्के कमी निघत होता. मी फोन उचलला. वहिनीचा नंबर मला पाठ आहे, आईची चौकशीही मी त्याच नंबरवर करते. पहिले चार आकडे दाबले आणि पुढचं सगळं मला स्वच्छ दिसलं: ती म्हणेल, 'बरं झालं गं सांगितलंस,' पाच मिनिटांत सहा फोन करेल, दुपारपर्यंत सगळीकडे जुनं द्रावण पोचेल, आणि गुरुवारी बैठकीत सांगेल की आमच्या व्यवस्थेत दोष लगेच सापडतो. 'आमच्या.' मंडळ मान डोलावेल. आणि चौथ्या विषयावर माझी प्रयोगशाळा विलीन होईल, आभारासह. मी फोन ठेवला.

मंडळाचा दुसरा एक नियम आहे: प्रमुखांच्या कामाविषयी तक्रार असेल तर बैठकीच्या अठ्ठेचाळीस तास आधी बंद लिफाफ्यात सचिवांकडे द्यावी, ती बैठकीतच उघडली जाईल. गुरुवारची बैठक अकराची होती. माझ्याकडे तासाभराहून थोडा जास्त वेळ होता. मी अर्धं पान लिहिलं, दोन्ही पट्ट्या टाचल्या, रस्ता ओलांडून समोरच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर गेले. सचिव स्वभावाने शिक्का आहेत. ते लिफाफ्याकडे न बघता त्यावर ठसा मारतात. "दहा चाळीस," ते म्हणाले, "वीस मिनिटं राखून." मी म्हटलं, "नियमात बसतंय ना?" ते म्हणाले, "मॅडम, तुमचं कधी नियमाबाहेर असतं?" खाली उतरताना मला हलकं वाटत होतं. मी काहीही चुकीचं केलं नव्हतं. प्रत्येक पायरीला मी ते स्वतःला सांगत होते, आणि चार मजल्यांच्या पायऱ्या म्हणजे ते बरंच झालं.

दर बुधवारी संध्याकाळी मी आईकडे जेवायला जाते, म्हणजे दादाकडे, म्हणजे तिच्याकडे. जाऊ नये असं वाटलं, पण गेले नसते तर ते निराळं दिसलं असतं. सात वाजता आम्ही बसलो. दादा म्हणाला, "आज छोटी गप्प आहे. उद्या मंडळासमोर बोलायचंय म्हणून आवाज साठवतेय." आई म्हणाली, "तिला काय काळजी, तिची वहिनी आहे ना तिथे." वहिनी मला वाढत होती, मला काय किती लागतं ते तिला विचारावं लागत नाही. ओट्यावर हिरव्या काठाचा कप पालथा ठेवलेला होता, कान तुटलेला, तरी टाकलेला नाही. आई आता तिच्याशिवाय गोळ्या घेत नाही. मी एकदा दिल्या होत्या तर म्हणाली, 'तिला विचारून घे गं, त्याच आहेत ना.' माझं सगळं शिक्षण गोळ्या कसल्या आहेत हे सांगण्याचं. तेवढ्यात तिचा फोन वाजला. "हं. सकाळी किती होतं? पाच पॉइंट सहा? मग थांबवलं ते बरोबरच आहे, कोणीही थांबवेल... आता कसे आहेत?" तिने फोन ठेवला आणि हात तसाच टेबलावर राहू दिला. "पाचव्यात एक आजोबा आहेत, किडनीचे. डायलिसिस आज होतं, सकाळचं पोटॅशियम बरं दिसलं म्हणून उद्यावर ढकललं. दुपारी ठोके बिघडले. अतिदक्षतेत नेलंय." मी घास गिळला. मनातल्या मनात पाच पूर्णांक सहाला नव्वद टक्क्यांनी भागलं. सहाच्या वर गेलं. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "काहीतरी जुळत नाहीये. पोटॅशियम वाढल्यासारखंच सगळं, आणि आकडा तसा नाही. तुला काय वाटतं?"

तिने मला विचारलं. तीस वर्षांत तिने मला असं कधी विचारलं नव्हतं, किंवा विचारलं असेल आणि मी ते ऐकलं नसेल. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हटलं, "नमुना उशिरा पोचला असेल."

"उशिरा पोचला तर आकडा वाढतो ना गं," ती हळू म्हणाली.

वाढतो. रक्त पडून राहिलं की पेशींतलं पोटॅशियम बाहेर झिरपतं आणि आकडा फुगतो. हे पहिल्या वर्षाच्या मुलालाही येतं. बावीस वर्षं मी ते शिकाऊ मुलांना शिकवते, चुकलं तर पुन्हा लिहायला लावते. आई म्हणाली, "जेवताना कसले आकडे." वहिनी अजून माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. ती वजन करताना काटा थांबायची वाट बघायची, तशी बघत होती. मग ती उठली. "आई, माझं झाकून ठेवा." हात धुतले, पिशवी घेतली. दादा म्हणाला, "अगं, दोन घास तरी." दारात चपला घालताना ती मला म्हणाली, "तू अजून जुनाच साठा वापरतेस का गं?" मी म्हटलं, "हो." ती म्हणाली, "बरं." तिचं ताट आईने दुसऱ्या ताटाने झाकलं. मी माझं संपवलं. टाकायचं नाही ही आमच्या घरची शिस्त.

गुरुवारी मी पाच मिनिटं आधी पोचले. मंडळाच्या खोलीत लांब टेबल आहे आणि खुर्च्या जरा खोल आहेत, बसलं की माणूस असतो त्यापेक्षा बुटका होतो. अध्यक्षबाई पूर्वी शाळेत मुख्याध्यापिका होत्या. त्यांच्यासमोर सगळे डॉक्टर उशिरा आलेल्या मुलांसारखे बसतात. वहिनीने साडी कालचीच नेसली होती. तिने परवानगी मागून सुरुवात केली. नवीन द्रावणाचा साठा सदोष निघाला आहे. काल रात्री आठपर्यंत सहाही ठिकाणी तो थांबवला, शनिवारी तो उघडला तेव्हापासूनचे सगळे आकडे पुन्हा तपासले जात आहेत. तो घेण्याचा निर्णय आपला होता, असं तिने सांगितलं. पाचव्या रुग्णालयात चुकीच्या आकड्यामुळे ज्यांचं डायलिसिस पुढे गेलं ते आजोबा आता धोक्याबाहेर आहेत, सकाळी त्यांनी चहा मागितला. तिने वर बघितलं नाही. मी मनात हिशेब करत होते: कालच्या जेवणापासून आठपर्यंत एक तास. तिला एक तास लागला. मला सोमवारपासून.

मग सचिवांनी लिफाफा उघडला आणि अर्धं पान वाचून दाखवलं. माझी भाषा मला परक्यासारखी ऐकू आली, नेटकी, एकही शब्द जास्त नसलेली. नोंद उत्तम. अध्यक्षबाईंनी लिफाफा हातात घेऊन उलटा केला. "हा शिक्का मंगळवारचा आहे," त्या म्हणाल्या. "दहा चाळीस. त्या आजोबांचं डायलिसिस बुधवारी ढकललं. म्हणजे आदल्या दिवशी हे कुणाला तरी माहीत होतं." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "पुस्तिकेत आहे ना तुमच्या, आधी फोन की काहीतरी?"

मी तोंड उघडलं तेवढ्यात वहिनी बोलली. "त्यांनी मला मंगळवारीच फोन केला होता," ती म्हणाली. "लगेच. खात्री करून घ्यायला मी थांबले. उशीर माझा आहे."

सचिवांचं पेन कागदावर चालू झालं. मी तिच्याकडे बघितलं. ती टेबलावरच्या पाण्याच्या पेल्याकडे बघत होती आणि तिचा चेहरा थकलेला होता, बस्स, त्यात काही थोर वगैरे नव्हतं. हे तिने इतक्या सहज केलं. बोलता बोलता चमच्याच्या टोकाने टाकावं, आणि काटा जागेवर. तिचं पद जाणार होतं, माझी प्रयोगशाळा बहुतेक वाचणार होती, मला फक्त गप्प बसायचं होतं. जे मला येतं. आणि मला दिसलं की मी गप्प बसले तर हे कायमचं तिचं होईल. दर बुधवारी ती मला न विचारता वाढेल आणि कधीच एक शब्द बोलणार नाही. आईला कुठून तरी अर्धवट कळेल आणि ती म्हणेल, वहिनीने सांभाळून घेतलं. दादा म्हणेल, तिचा स्वभावच तसा. तराजू तिचा, घर तिचं, नाव तिचं, कप तिचा, आणि आता माझा अपराधसुद्धा तिचाच, तिच्या अंगावर किती शोभून दिसणारा. माझ्याजवळ माझं म्हणावं असं या खोलीत तेवढंच उरलं होतं. लोक पुढे म्हणाले की मी प्रामाणिकपणा केला. मी कुणाला दुरुस्त केलं नाही. पण ते काय होतं ते मला माहीत आहे. मी ते तोलून बघितलेलं आहे.

"मी फोन केला नव्हता," मी म्हटलं.

सचिवांचं पेन थांबलं. वहिनीने पहिल्यांदा मान वर केली.

"मग मंगळवारी..." अध्यक्षबाई म्हणाल्या.

"मंगळवारी खात्री झाली. नऊ पंचेचाळीसला. शंका सोमवारीच आली होती." माझा आवाज स्वच्छ होता, शिकवताना असतो तसा. "नियमात शंका असं लिहिलंय, खात्री नाही. काल संध्याकाळी यांनी मला समोरासमोर विचारलं, तेव्हाही मी सांगितलं नाही. उलट खोटं कारण दिलं."

"इतिवृत्तात काय लिहू?" सचिवांनी विचारलं.

"सोमवार लिहा," मी म्हटलं.

चौथा विषय दहा मिनिटांत झाला. चौकशी होईपर्यंत मी प्रयोगशाळेत जायचं नाही, पहिल्या तारखेपासून ती मध्यवर्तीत जाईल. वहिनीचं पद तिच्या चौकशीनंतर ठरेल. अध्यक्षबाई उठताना म्हणाल्या, "तो नियम लिहिला कुणी होता, चांगला आहे." मी जिन्याने उतरले. तिसऱ्या मजल्यावर मागून चपलांचा आवाज आला. तो चालण्याचा आवाज मला ओळखू येतो. ती माझ्या बरोबरीला आली, कठड्याला हात धरून उभी राहिली, तिला दम लागला होता. मला वाटलं ती आजोबांविषयी काही बोलेल, किंवा आईला काय सांगायचं ते.

"सगळं कसं तुझं चोख," ती म्हणाली. "वजन चोख, वही चोख. आता चूकसुद्धा तारीखवार. एवढं एक माझ्यापाशी राहू द्यायचं नव्हतंस का, वन्सं?"

ती चिडवत नव्हती. मी वळून बघितलं. तिच्या आवाजात कसलातरी कडू, जुना सूर होता, तो तिच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता आणि तरी मला तो लगेच ओळखता आला, कारण तीस वर्षं तो माझ्याच घशात होता.